वरचं कार्ड, खालचं कार्ड

"जोर लावू नका, मोडेल ते."

"मोडत नाही. अडतीस वर्षं लिफ्टची दारं बसवली मी. त्यापुढे हे काय," असं म्हणत मिस्त्रींनी कॉम्प्युटरच्या उघड्या कॅबिनेटमध्ये दोन्ही अंगठे घातले आणि दुसरं ग्राफिक्स कार्ड खाचेत दाबलं.

टिंबताई नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होत्या. "बसलं का?"

"खटका पडला की. ऐकलं नाहीस?"

त्यांनी वाकून खाचेकडे बघितलं. आपण काय बोलून गेलो ते मिस्त्रींच्या लक्षात आलं, तसं त्यांनी स्क्रू शोधायचं निमित्त करून मान खाली घातली. मग जरा मोठ्याने म्हणाले, "बसलं. अगदी व्यवस्थित बसलं."

दोन कार्डं एकावर एक होती. विटेएवढी जाड, काळी, प्रत्येकाला दोन-दोन पंखे, आणि मधे जेमतेम बोट जाईल एवढी फट. वरचं वर्षभरापूर्वी आणलेलं, खालचं आजच. ज्याच्याकडून आणलं तो कार्डवाला स्टुलावर बसून चहा पीत होता. पूर्वी त्याचं तासावर गेम खेळायला देण्याचं दुकान होतं. ते बंद पडल्यावर तो तिथलीच यंत्रं सुटी करून विकत होता.

"काका, एक लक्षात ठेवा," तो म्हणाला. "दोन कार्डं लावली म्हणजे ताकद दुप्पट झाली, असं नसतं. ह्याची मेमरी त्याला आपोआप मिळत नाही. दोघांना वेगवेगळं काम नेमून द्यायचं. मग एकाच घरात राहून दोघं आपापलं करतात."

"म्हणजे आमच्यासारखंच," मिस्त्री म्हणाले.

कार्डवाला हसला आणि हसता हसता तोंड फिरवून काहीतरी बोलला. ते टिंबताईंना कळलं नाही. त्याही हसल्या.

टिंबताई चौकशी कार्यालयात लेखनिक होत्या. कुठे आग लागली, कुठे पूल खचला, इस्पितळात कुणाच्या हातून काही चुकलं, की हे कार्यालय संबंधित माणसांना बोलावून त्यांचे जबाब ध्वनिमुद्रित करायचं. ते मुद्रण कानाला लावून, पायाखालच्या पेडलने पुढेमागे करत, जसंच्या तसं कागदावर उतरवायचं हे त्यांचं काम. एकतीस वर्षं त्या ते करत होत्या. कुणी "अं" म्हटलं तर "अं" लिहायचं, खोकला आला तर खोकला. माणूस बोलता बोलता गप्प झाला तर त्या टिंबं द्यायच्या, एका सेकंदाला एक. बाकीचे लेखनिक अशा जागी नुसती रेघ मारून पुढे जात. हिच्या कागदावर शब्दांपेक्षा टिंबंच जास्त, असं कुणीतरी चेष्टेने म्हणालं आणि नाव पडलं ते पडलंच. पण अवघड जबाब आला की अधिकारी सांगत, "हा टिंबताईंकडे द्या."

तीन वर्षांपूर्वी कान जायला लागले. आधी दारावरची घंटा गेली. मग बायकांचे आणि मुलांचे बारीक आवाज गेले. मग "सात" आणि "आठ" यांत गोंधळ व्हायला लागला. डॉक्टरांनी कानात घालायचं यंत्र दिलं. ते टिंबताईंनी कपाटाच्या वरच्या खणात ठेवून दिलं. लेखनिकाची पहिली पात्रता म्हणजे शाबूत कान. त्यांच्याच खोलीतली एक बाई कानात यंत्र घालून आली आणि आठ दिवसांत तिची बदली तळघरातल्या रेकॉर्डरूममध्ये झाली, हे त्यांनी पाहिलेलं होतं. नशिबाने जबाब घरी नेऊन लिहायची मुभा होती. त्या घरी नेऊ लागल्या. एका तासाच्या मुद्रणाला पूर्वी चार तास लागत, आता दोन दिवस लागायला लागले. मिस्त्री स्वयंपाक करायला शिकले. दोघांपैकी कुणीही "बहिरेपण" हा शब्द घरात काढला नाही.

बोललेलं आपोआप लिहून काढणारा प्रोग्रॅम असतो, हे मिस्त्रींनीच कार्डवाल्याकडून ऐकून आणलं. पण कुठलंही मुद्रण इंटरनेटवर पाठवायचं नाही आणि घरातल्या माणसालाही ऐकवायचं नाही, अशी शपथ टिंबताईंनी नोकरीला लागताना घेतली होती. त्यांनी ती इतकी पाळली होती, की त्या हेडफोन चढवून बसल्या की मिस्त्री आपणहून गॅलरीत जाऊन बसत. "मग घरातल्या घरातच चालवा ना," कार्डवाला म्हणाला होता. "चांगलं कार्ड टाका. आवाज घराबाहेर जाणारच नाही." नियमावलीत कॉम्प्युटरमध्ये काय असावं याबद्दल एक अक्षर नव्हतं. टिंबताईंनी ऑफिसात तसं विचारलंही नाही.

पहिल्या कार्डावरचा प्रोग्रॅम चांगला होता, पण खेड्यातला माणूस आपल्या बोलीत बोलायला लागला की तो गडबडायचा. उरलेल्या कानांनी टिंबताई त्याच्या चुका काढत. कान जसे उतरत गेले तशा चुका सापडेनाशा झाल्या. म्हणून हे दुसरं कार्ड आणि त्यावर वेगळा, दुसऱ्या लोकांनी केलेला प्रोग्रॅम. दोघं एकाच वेळी तोच जबाब लिहिणार. कार्डवाल्याने दोन्ही मजकूर शेजारी-शेजारी दिसतील अशी सोय करून दिली. दोघांचं जुळलं तर काळी अक्षरं, जुळलं नाही तर लाल. टिंबताईंनी फक्त लाल जागा तपासायच्या.

"हे बरं झालं," मिस्त्री म्हणाले. "एक साक्षीदार खोटं बोलू शकतो. दोन जण ठरवून तीच चूक करणार नाहीत."

पहिले काही महिने खरोखरच बरे गेले. टिंबताईंचं काम वेळेवर जाऊ लागलं. एका परिचारिकेच्या जबाबात तर गंमतच झाली. "डॉक्टरांना फोन केला होता का?" या प्रश्नानंतर वरच्या कार्डाने काहीच लिहिलं नव्हतं आणि खालच्याने "नाही" लिहिलं होतं. टिंबताईंना काही ऐकू आलं नाही. तरी त्यांनी "नाही" ठेवलं. पुढे सुनावणीत ती परिचारिका स्वतःच म्हणाली, की हो, मी हळू आवाजात नाही म्हणाले होते. अधीक्षकबाईंनी टिंबताईंना बोलावून कौतुक केलं. "कान आहेत की काय तुमचे. मला तर तिथे काहीच ऐकू आलं नव्हतं."

टिंबताई त्या दिवशी घरी आल्या त्या खूप वेळ नुसत्या बसून होत्या. खालच्या कार्डावर त्यांचा विश्वास बसला तो तेव्हापासून.

उन्हाळा आला तसं वरचं कार्ड त्रास द्यायला लागलं. त्याचे पंखे खालच्या कार्डाच्या पाठीला जवळजवळ टेकलेले. खालच्याची सगळी गरम हवा ते ओढून घ्यायचं आणि मधेच बंद पडायचं. पुन्हा सुरू व्हायचं, पण मधला तुकडा कोरा राहायचा. मिस्त्रींनी कॅबिनेटची बाजूची पट्टी काढून टेबलफॅन लावला. आठ दिवस चाललं, परत तेच. "वरच्याला श्वास घ्यायला जागाच नाही," ते म्हणायचे. तोवर टिंबताईंना सवय झाली होती. लाल जागेत एकीकडे कोरं दिसलं की वरचं कार्ड तापलं असणार, असं धरून त्या खालच्याचा मजकूर घ्यायच्या.

रखवालदाराचा जबाब त्याच दिवसांत आला.

एका गोदामाला आग लागली होती. माल उतरवणारे दोघे जण आत अडकले आणि गेले, कारण मागचं दार बंद होतं. ते दार कुणी लावलं हाच चौकशीचा मुख्य मुद्दा. रखवालदार बावन्न वर्षांचा. टिंबताईंनी त्याला पाहिलं नव्हतं, फक्त त्याची वाक्यं वाचली होती. तुटक, घाबरलेली, प्रत्येक उत्तराआधी थांबणारी. "मी पुढच्या दाराशी होतो साहेब." "धूर दिसला तसा मी ओरडलो." आणि मग साहेबांचा प्रश्न : "मागचं दार तुम्ही लावलं होतं का?"

तिथे लाल होतं. वरच्या कार्डाचा रकाना कोरा. खालच्याने लिहिलं होतं, "हो. मीच लावलं होतं."

टिंबताईंनी पेडल मागे घेतलं. आवाज पूर्ण वाढवला. हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरला. काही ऐकू आलं नाही. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. चौथ्या वेळी कुठेतरी काही हलल्यासारखं वाटलं, पण ते पेडलचंही असेल. त्या दिवशी वरचं कार्ड सकाळपासून दोनदा बंद पडलं होतं. परिचारिकेच्या वेळीही असंच झालं होतं. मला ऐकू येत नाही याचा अर्थ तिथे काही नाही, असा थोडाच होतो, असं त्यांच्या मनात आलं. दुपारी बारापर्यंत प्रत पाठवायची होती. त्यांनी ते वाक्य ठेवलं, खाली सही केली आणि प्रत पाठवून दिली.

महिन्याभराने ऑफिसात बोलता बोलता कळलं, की रखवालदाराला कामावरून काढलं, आता त्याच्यावर खटला भरतील. "कबूलच केलंय त्याने," शिपाई म्हणाला. टिंबताईंना त्यात काही खटकलं नाही. असे कितीतरी जबाब त्यांच्या हातून गेले होते.

दरम्यान मिस्त्रींनी वरच्या कार्डाचा प्रश्न सोडवला होता. त्यांनी कार्डवाल्याकडून एक चपटी, लांब केबल आणली. लिफ्टच्या कामातल्या उरलेल्या लोखंडी पट्ट्या कापून एक घोडा तयार केला आणि ते कार्ड कॅबिनेटच्या बाहेर, वीतभर लांब उभं केलं. दोन्ही कार्डांच्या मधून आता वारा खेळत होता. पॉवर सप्लायही मोठा बसवला. त्यानंतर वरचं कार्ड एकदाही बंद पडलं नाही. मिस्त्री दिवसातून दोनदा त्याला हात लावून बघायचे आणि "गार आहे" असं सांगायचे.

एका सकाळी टिंबताईंनी नवा जबाब लावला. त्यात मधे चहाची सुट्टी झाली होती आणि मुद्रण बंद करायचं कुणीतरी विसरलं होतं. साहेब म्हणतात, "दहा मिनिटांनी बसू", खुर्च्या सरकतात आणि मग रिकामी खोली. बावीस मिनिटं. वरच्या कार्डाचा रकाना तेवढा वेळ कोरा होता. खालच्याचा नव्हता. त्यात मधेमधे वाक्यं होती. "हो, मी सांगतो." "नाही साहेब." "मीच ठेवलं होतं." पुढे तीन वेळा "पुन्हा भेटू, नमस्कार."

टिंबताईंनी वरच्या कार्डाला हात लावला. ते गार होतं.

त्या उठून गॅलरीत गेल्या. मिस्त्री पेपर वाचत होते. "अहो, जरा आत या. एक ऐकायचंय तुम्हाला."

मिस्त्रींनी चष्मा काढला. "मी? मी कसं ऐकू?"

"ह्यात कुणी नाहीये. रिकामी खोली आहे. रिकाम्या खोलीची शपथ नसते."

मिस्त्री खुर्चीवर अवघडून बसले. एकतीस वर्षांत त्यांनी तो हेडफोन पुसला होता, त्याची वायर जोडली होती, पण डोक्यावर कधी चढवला नव्हता. ते खूप वेळ ऐकत राहिले. टिंबताई पडद्यावरची वाक्यं आणि त्यांचा चेहरा आळीपाळीने बघत होत्या.

"पंखा चालू आहे," मिस्त्री म्हणाले. "लांब कुठेतरी गाडी गेली. बाकी कुणी नाही."

"कुणी 'हो, मी सांगतो' म्हणालं नाही?"

"नाही गं. कोण म्हणणार? खोलीत माणूसच नाही."

टिंबताईंनी त्यांना उठवलं. पुढच्या जबाबाला हात न लावता त्यांनी रखवालदाराचं मुद्रण काढलं आणि दोन्ही कार्डांवर पुन्हा लावलं. मिस्त्री न सांगता गॅलरीत गेले. तासाभराने टिंबताईंनी त्यांना पुन्हा हाक मारली. लाल जागा तिथेच होती. गार, न थांबलेल्या वरच्या कार्डाने तिथे आजही काही लिहिलं नव्हतं. खालच्याने तेच वाक्य लिहिलं होतं.

"अकरा सेकंद आहेत," त्या म्हणाल्या. "मी तेवढाच तुकडा वेगळा काढलाय. त्याच्या आधीचं, नंतरचं काही नाही. तेवढंच ऐका."

"शपथेचं काय?"

"ते माझ्यावर."

मिस्त्रींनी ऐकलं. पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटून घेतले. मग हेडफोन काढून मांडीवर ठेवला. "पंखा आहे. कुणीतरी एकदा नाक ओढलं. बस्स."

"शब्द?"

"एकही नाही."

टिंबताई पलंगाच्या कडेवर बसल्या. मघाशी त्यांनीही हेच ऐकलं होतं, म्हणजे काहीच नाही. महिन्याभरापूर्वीही हेच ऐकलं होतं. त्यांचे कान त्या एका जागी बरोबर होते, आणि नेमकं तिथेच त्यांनी कानांचं मानलं नव्हतं.

त्यांनी सगळं सांगितलं तेव्हा मिस्त्रींनी उठून कार्डाच्या घोड्याचा एक स्क्रू उगीचच आवळला. "मी हे आधीच बाहेर काढलं असतं तर," ते म्हणाले. "तापलं नसतं, तर तू कोऱ्याला कोरं मानलं असतंस. मला सुचलं उशिरा."

"सही तुम्ही नाही केलीत."

"दार त्यानेच लावलं असेल कदाचित. रखवालदारच तो. किल्ल्या त्याच्याकडे."

"असेल."

"मग?"

"मग काय. तो तसं बोलला नाही."

मिस्त्री खिडकीशी गेले. पाठमोरे बोलायला लागले, मग आठवण होऊन वळले. "निवृत्तीला चौदा महिने राहिलेत तुझ्या. हे सांगितलंस तर कानांचंही सांगावं लागेल. आणि मग हा एकच जबाब नाही राहणार. सगळे उकरतील."

"त्रेचाळीस आहेत," टिंबताई म्हणाल्या. "दुसरं कार्ड लावल्यापासूनचे. मी यादी काढते."

यादीला चार दिवस लागले. त्यांनी सगळे त्रेचाळीस जबाब पुन्हा दोन्ही कार्डांवर घातले. त्यातल्या ज्या ज्या लाल जागी वरचा रकाना कोरा होता आणि त्यांनी खालचं वाक्य उचललं होतं, त्या जागा मिनिट-सेकंदासह लिहून काढल्या. मिस्त्री जेवायला वाढत आणि ताट उचलून नेत. पाचव्या दिवशी टिंबताई यादी घेऊन अधीक्षकबाईंच्या समोर बसल्या.

अधीक्षकबाईंनी दोन पानं वाचली आणि दार लावून घेतलं. "टिंबताई, तुम्ही काय करताय हे कळतंय का तुम्हाला?"

"हो."

"ह्या एका वाक्याचं मी बघते. लिहिताना चूक झाली म्हणू, माणूस आहे, होते चूक. पण हे कार्डाचं, प्रोग्रॅमचं, कानांचं कशाला? ह्या यादीने ऑफिसची अब्रू जाईल."

"चूक माझ्या लिहिण्यात झाली असती तर तसं म्हटलं असतं," टिंबताई म्हणाल्या. "मी लिहिलंच नाही ते. मला ऐकूच आलं नव्हतं."

अधीक्षकबाई पुढेही बोलत राहिल्या. पण आता त्या खालच्या आवाजात, टेबलाकडे बघत बोलत होत्या. टिंबताई म्हणाल्या, "जरा वर बघून बोला. मला कळत नाहीये." एवढ्या वर्षांत ऑफिसात त्यांनी हे पहिल्यांदा म्हटलं. अधीक्षकबाईंनी वर बघितलं, यादी जवळ ओढली. त्यांनी यादीवर आवक शिक्का मारला.

दोन आठवड्यांनी गोदामाच्या चौकशीची सुनावणी पुन्हा ठेवली. लांबट खोली, दोन ट्यूबलाइट, भिंतीला टेकवलेल्या खुर्च्या. चौकशी अधिकारी मधे, कोपऱ्यात एक नवा लेखनिक. रखवालदार भावाला घेऊन आला होता. शर्टाचं वरचं बटण लावलेला, हातात प्लॅस्टिकची पिशवी. टिंबताईंनी त्याला पहिल्यांदा पाहिलं. वाक्यांवरून त्यांना तो बारीक वाटला होता. प्रत्यक्षात तो चांगला उंच होता आणि त्या उंचीचं काय करावं हे न कळल्यासारखा वाकून बसला होता.

मुद्रण लावलं. टिंबताई स्पीकरकडे न बघता माणसांकडे बघत राहिल्या. प्रश्न आला असावा, कारण अधिकाऱ्यांनी एक बोट वर केलं. मग कुणीच हललं नाही. अधीक्षकबाईंची मान एका बाजूला कलली. लेखनिकाचं पेन कागदावर टेकून थांबलं. रखवालदार आपल्या पिशवीकडे बघत होता. अधिकाऱ्यांनी बोट खाली घेतलं.

"इथे काही नाही," ते म्हणाले. ते समोरच बसलेले असल्यामुळे टिंबताईंना शब्द कळले. "तुम्हाला स्वतःला काय ऐकू येतं?"

"मला सांगता येणार नाही साहेब. मला ऐकू कमी येतं. तीन वर्षं झाली."

"आणि तुम्ही जबाब लिहीत होतात."

"हो."

त्यांनी पुढे जे विचारलं त्याची टिंबताईंनी सरळ उत्तरं दिली. दोन कार्डं कुठे बसवली होती, कुठलं तापायचं, कोऱ्या जागेचा अर्थ त्यांनी काय लावला, कुणी बोलत नसताना खालचा प्रोग्रॅम स्वतःच वाक्यं कशी रचायचा, सगळं. अधिकाऱ्यांना कार्डांमधलं फार कळलं नाही, पण त्यांनी ते लिहून घ्यायला सांगितलं. मग ते रखवालदाराकडे वळले.

"मी पहिल्यापासून सांगतोय साहेब," रखवालदार म्हणाला. बोलताना तो उभा राहिला होता, म्हणून टिंबताईंना त्याचं तोंड दिसत होतं. "मी तसं बोललो नाही. पण सगळे म्हणाले, कागदावर आहे. मग मलाच वाटायला लागलं, बोललो असेन."

"बरं. ते वाक्य रद्द. आता सांगा, दार तुम्ही लावलं होतं का?"

रखवालदार गप्प राहिला. टिंबताईंनी सवयीने मनात मोजायला सुरुवात केली. तिकडे नव्या लेखनिकाने कागदावर एक रेघ ओढली आणि पेन बाजूला ठेवलं.

त्या चौकशीतून शेवटपर्यंत काही ठाम निघालं नाही. ते वाक्य जबाबातून काढलं गेलं, रखवालदारावरचा खटला बारगळला, पण नोकरी त्याला परत मिळाली नाही. त्रेचाळीसपैकी आणखी तीन जबाबांत न बोललेली वाक्यं सापडली, सुदैवाने बिनमहत्त्वाची. टिंबताईंची बदली तळघरात झाली. जुने जबाब तारखेने लावून ठेवायचे, कुणी मागितला तर काढून द्यायचा. त्या कानात यंत्र घालून जाऊ लागल्या. दोन्ही कार्डं मिस्त्रींनी कार्डवाल्याला परत देऊन टाकली. तो म्हणाला म्हणे, कार्डांचा काही दोष नाही काका, त्यांना जे दिलं ते त्यांनी केलं. मिस्त्रींनी मान डोलावली आणि लोखंडी घोडा तेवढा परत घरी आणला.

सुनावणी संपली त्या दिवशी मिस्त्री खाली जिन्यापाशी थांबले होते. टिंबताई बाहेर आल्या तेव्हा वरच्या पायरीवर रखवालदार उभा होता. भाऊ पुढे गेला होता. टिंबताईंना वाटलं, आपण काहीतरी म्हणायला हवं. काय म्हणावं ते त्या ठरवत होत्या, तेवढ्यात रखवालदारच बोलला. एकच वाक्य, छोटंसं, पिशवीची मूठ नीट करता करता, अर्धवट वळून. खिडकी त्याच्या मागे होती. उजेडामुळे त्याचं तोंड काळं दिसत होतं.

"परत सांगता का?" टिंबताई म्हणाल्या. "मला आलं नाही ऐकू."

रखवालदाराने त्यांच्याकडे नीट बघितलं. बोलणार असं वाटलं. मग तो कठड्याला धरून पायऱ्या उतरून गेला.

मिस्त्रींनी खालून हे सगळं पाहिलं होतं. टिंबताई जवळ आल्यावर त्यांनी समोर उभं राहून विचारलं, "काय म्हणाला तो?"

"ऐकू आलं नाही."

"मग परत विचारायचं."

"विचारलं. नाही बोलला."

"तोंडावरून तरी? आभार मानले, का बोलला काही वाईट?"

टिंबताईंनी आठवून बघितलं. दोन्हींपैकी काहीही बसलं असतं. "नाही सांगता येत," त्या म्हणाल्या.

रस्ता ओलांडताना मिस्त्रींनी त्यांचं मनगट धरलं. एरवी चारचौघांत ते कधी हात धरत नसत. डावीकडून ट्रक हॉर्न वाजवत आला असावा, कारण पुढची दोन माणसं दचकून मागे सरली. टिंबताई त्या माणसांकडे बघून थांबल्या.